पाच घरांबाहेरचे घर

राखेखाली दडपून ठेवलेल्या शेणीला एक वास असतो. तो धुराचा नव्हे आणि आगीचाही नव्हे. वरून निवल्यासारख्या दिसणाऱ्या आणि पोटात धगधगत राहिलेल्या वस्तूचा तो वास. अनसाक्काच्या पदराला, बोटांना, तिच्या हातातल्या खापराला तो कायम लागलेला असे, आणि त्यात तिच्या मिश्रीचा कडवट, करपट दर्प मिसळलेला असे. आता मी राहते त्या भागात चुली नाहीत, शेणी नाहीत. तरी कधी रस्त्याच्या कडेला कुणी पाचोळा पेटवून अर्धवट विझवलेला असतो, आणि वाऱ्याबरोबर तो वास येतो. मग मला आधी भूक लागते आणि तिच्या पाठोपाठ लाज वाटते. या दोन्ही गोष्टी माझ्या आयुष्यात एकाच सुमारास आल्या. म्हणून असेल, अजूनही त्या जोडीनेच येतात.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही आटपाडीच्या बाजूचे आमचे गाव सोडून कुंडलला आलो. आमच्याकडे त्या वर्षी विहिरींच्या तळाशी नुसता गार अंधार उरला होता. वडील वाचलेली मेंढरे घेऊन चाऱ्याच्या मागे निघून गेले होते. ते कुठे आहेत हे आम्हांला वाटेने येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळे, आणि तेही कळेपर्यंत बरेच दिवस उलटून गेलेले असत. आई मला आणि माझ्या दोन धाकट्या भावांना घेऊन पाण्याच्या मुलखात आली. गावाच्या कडेला एका बागायतदाराच्या गोठ्यामागे वैरणीची रिकामी खोली होती, तिथे आम्ही राहू लागलो. आई मिळेल त्या मळ्यात रोजाने जाई. मजुरी म्हणून कधी ज्वारी मिळे, कधी उद्याचे आश्वासन. खोलीच्या दारातून ऊस दिसे. एवढा हिरवा रंग मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्याच्या शेजारी बसून माणसाला उपाशी राहता येते हेही मला ठाऊक नव्हते. गुऱ्हाळे चालू झाली की दुपारभर रस आटत असल्याचा वास खोलीत येऊन बसे. धाकटा भाऊ तोंड उघडून तो वास गिळायचा प्रयत्न करी. आई त्याचे तोंड हाताने मिटवी. ती रागावत नसे. कुणी पाहील, एवढीच तिला धास्ती असे.

अशा एका संध्याकाळी अनसाक्का आमच्या दारात पहिल्यांदा उभी राहिली. हातात खापर, खापरात एक कोरी शेणी.

“इस्तू हाय का गं बाई?” तिने विचारले. “माझी चूल इझली.”

आमच्या चुलीत त्या दिवशी काहीच नव्हते. आई गडबडीने उठली, चुलीपुढची राख उगाच चिमट्याने उकरली, आणि आत्ताच विझला वाटतं, असे काहीतरी पुटपुटली. अनसाक्काने राखेकडे पाहिले. ती राख कालची होती आणि पांढरी झाली होती. “न्हाय तर ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “पुढच्या घरी बगते.” आणि जोडव्यांचा आवाज करीत निघून गेली. थोड्या वेळाने तिच्या गोठ्यातला गडी जर्मनच्या पातेल्यात कढत आमटी आणि वर फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी ठेवून गेला. काय, कुणी, कशाला, हे त्याने सांगितले नाही आणि आईने विचारले नाही.

अनसाक्काची चूल कधी विझत नसे, हे आम्हांला पुढे कळले. तिच्या घरी चुलीला जोडून दोन वैली पेटत्या असत, दारात उसाच्या चिपाडांचा ढीग असे. तिन्हीसांजेला खापर घेऊन विस्तव मागत फिरणे ही तिची गाव तपासण्याची रीत होती. ज्या घरातून निखारा मिळे तिथे ती दोन शब्द बोले, सुनेला एखादा टोला हाणे, कोंबड्यांना शिव्या देई आणि पुढे जाई. ज्या घरात निखारा नसे तिथे ती अजिबात थांबत नसे. ‘जेवलासा का?’ हा प्रश्न तिने कुणालाही विचारल्याचे मला आठवत नाही. उपाशी माणसाला तो प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्याकडून खोटे वदवून घेणे, असे ती म्हणे. चूल मात्र खोटे बोलत नाही.

ती ऊसवाल्या मोठ्या घरची थोरली सून. नवरा पलटणीत, वर्षातून एकदा पेटी आणि मिशा घेऊन येई आणि घरातल्या सगळ्यांना हिंदीतून हुकूम सोडून परत जाई. अनसाक्का हाडापेराने थोराड होती. दंड रुंद, आवाज घोगरा, बांगड्यांतली एखादी कायम टिचलेली. बोलताना ती समोरच्याच्या चेहऱ्याकडे न पाहता त्याच्या हातांकडे पाही. तिचे माहेर उंब्रजचे, हमरस्त्यावरचे, आणि तिच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्यात ते उंब्रज येई. आमच्या उंब्रजला वाटसरू दार वाजवत नाही, दारच त्याला हाक मारते. आमच्या उंब्रजला बाई पीठ मळताना परक्याचा एक उंडा जास्त करते. तिच्या सासूला सगळे थोरली म्हणत. थोरलीचे त्यावर ठरलेले उत्तर होते, की उंब्रजचे पाणीच सांडरे, ते भांड्यात टिकत नाही. दोघींची ही जुगलबंदी इतकी जुनी होती की ती ऐकून आता घरातले मांजरही जागचे हलत नसे.

पण एका घराच्या जात्यातून गाव जेवत नाही. आमच्यासारखी पूर्वेकडची बरीच कुटुंबे त्या वर्षी उतरली होती, आणि गावातल्याही काही चुली थंड पडू लागल्या होत्या. थोरलीने धान्याच्या कणगीपाशी आपले अंथरूण आणून टाकले. तेव्हा अनसाक्काने देवीला साकडे घातले. म्हणजे तिने तसे जाहीर केले: अंबाबाईने स्वप्नात येऊन जोगवा मागायला सांगितले आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी, पाऊस पडेपर्यंत.

जोगवा मागणाऱ्या बाईला गरीब-श्रीमंत विचारत नाहीत. राजाची राणी असली तरी तिने हातात परडी घ्यावी, अनवाणी निघावे आणि निदान पाच घरी हात पसरावा. देणाऱ्याने मूठभर पीठ घालावे, परडीला हळदकुंकू वाहावे आणि पाया पडावे. देवीच्या नावाने मागण्यात कमीपणा नाही आणि त्या नावाला नाही म्हणण्याची कुणाची छाती नाही. थोरली कणगीपाशी बसून धुमसत राहिली, पण सुनेला अडवू शकली नाही. अनसाक्का पाच घरांवर थांबत नसे. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चूल पेटलेल्या प्रत्येक घरी ती जाई, आणि संध्याकाळपर्यंत ते पीठ विस्तव नसलेल्या घरी पोचलेले असे. बायकांना हे कळत होते. काही दिवसांनी त्या मुठीऐवजी ओंजळ घालू लागल्या, कुणी डाळ, कुणी मिठाचा खडा, कुणी मिरच्या. परडी भरली की त्या स्वतःच सूप आणून देत. एका बाईने चिमूटभर पीठ टाकून दार लोटायला घेतले, तेव्हा अनसाक्का उंबऱ्याशी तशीच उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, ही देवीची परडी हाय. पोपटाची वाटी न्हवं.” ही गोष्ट विहिरीवर कित्येक दिवस सांगितली जात होती, आणि सर्वांत जास्त हसत असे ती चिमूटवाली बाईच. तिने पुढे हात आखडला नाही.

गुऱ्हाळावर आलेल्याला रस पाजल्याशिवाय परत पाठवायचे नाही, ही तिकडची रीत. त्या वर्षी दुष्काळातून आलेली मुले रांगा करून गुऱ्हाळावर उभी राहू लागली, तशी गुळव्यांनी त्यांना हुसकायला सुरुवात केली. अनसाक्का एका सकाळी तांब्या घेऊन आली आणि त्या मुलांच्या रांगेत सर्वांत शेवटी जाऊन उभी राहिली. गुऱ्हाळ तिच्या चुलतदिराचे होते. गुळव्याने धावत येऊन तिचा तांब्या मागितला. तिने दिला नाही. माझा नंबर आला की दे, म्हणाली. मोठ्या घरची सून उन्हात उभी आहे हे पाहून चुलतदीर आला, मान खाली घालून स्वतः रस वाटू लागला. मी त्या रांगेत होते. अनसाक्काने माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या ओंजळीतून रस निथळत होता, आणि तिने तो न पाहण्याची इतकी काळजी घेतली की ती काळजी मला उन्हासारखी जाणवली.

तिची ही काळजीच पुढे आमच्या घरात येऊन अडली.

आमच्याकडे एक रीत आहे, ती कुंडललाही होती, आणि तुम्हांलाही ठाऊक असेल. कुणाच्या घरून भरून आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही. काही नाही तर साखरेचे चार दाणे, भाजीची काडी, पण आत काहीतरी घालून द्यायचे. पहिले पातेले आईने परत केले तेव्हा त्यात बांधावर उगवलेली चिघळीची भाजी होती. दुसऱ्यात तिने चिंचेचा कोवळा पाला घातला. पुढे ऊन वाढले, बांध करपले, चिंचेचा पाला जून झाला. पितळी आली, वाडगे आले, ताकाची चरवी आली. त्यांत घालायला काही नव्हते, म्हणून ती आमच्याकडेच राहिली. आई ती राखेने घासून, पालथी घालून, कोपऱ्यातल्या पोत्याखाली ठेवी. जेवायला मिळाले त्याचे सुख आम्हां पोरांना होते. आईला मात्र प्रत्येक घासाबरोबर एक भांडे वाढत असल्याचे दिसत असावे. ती अनसाक्काला टाळू लागली. विस्तव मागायची वेळ झाली की ती घागर घेऊन बाहेर पडे.

अनसाक्काला हे कळले नाही. तिच्याकडे भांडी पुष्कळ होती, आणि ज्या घरी दिले तिथून भांडे परत मागू नये, हे तिला तिच्या आईने उंब्रजला शिकवले होते. त्याच आईने तिला आणखी एक गोष्ट शिकवली होती. ज्याला द्यायचे त्याच्या घरचे पाणीसुद्धा पिऊ नये. घागरभर पाण्यासाठीही कुणाला लांब जावे लागते, त्याच्यावर आपला भार कशाला. म्हणून ती आमच्या दारात कधी बसली नाही. आईने एकदोनदा तांब्या पुढे केला, तेव्हा तिने हसून हात हलवला. आणि जोगव्याला निघाली की आमच्या दारासमोरून पाऊल उचलून चाले. परडी त्या वेळी ती दुसऱ्या कुशीला घेई, आमच्या बाजूला दिसू नये म्हणून. आपल्याकडे बघून या बाईला ओशाळे वाटू नये, एवढाच तिचा हेतू. मी दारात बसून ते पाहत असे. माझ्या मागे आई उभी असे. तिच्या श्वासावरून मला कळे की ती जोडव्यांचा आवाज ऐकते आहे, आणि तो आवाज आमच्या दारापाशी न थांबता लांब गेल्यावर ती पुन्हा कामाला वळे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी थोरली गुढीचा तांब्या शोधू लागली.

तो त्यांच्या घरातला जुना, नक्षीचा पितळी तांब्या. वर्षातून एकदा गुढीवर पालथा घालण्यासाठी निघायचा. तो जागेवर नव्हता. अनसाक्काने केव्हातरी घाईत हाताला लागला तसा त्यातून आमच्याकडे दूध पाठवले होते आणि ती ते विसरून गेली होती. थोरलीने घर पालथे घातले, गड्यांना बोलावले, आणि दुपारपर्यंत विहिरीवर सांगितले गेले की गुढीचा तांब्या चोरीला गेला. कुणीतरी म्हणाले, मेंढक्यांच्या खोलीत बघा, तिकडे पितळ चकाकताना पाहिले आहे. ते बोलणाऱ्या बाईला माझी आई मागेच घागर भरते आहे हे दिसले नव्हते.

आई अर्धी घागर तशीच घेऊन घरी आली. तिने पोते बाजूला केले, सगळी भांडी बाहेर काढली आणि ती परत घासायला बसली, घासून झालेलीच भांडी. राख, मग माती, मग पुन्हा राख. तांब्याच्या नक्षीतली वर्षानुवर्षांची काजळी तिने काटकीच्या टोकाने कोरून काढली. मग सगळे पाटीत रचले, पाटी डोक्यावर घेतली, माझा हात धरला आणि भर दुपारी, गल्लीच्या मधोमध चालत त्या मोठ्या घराच्या सोप्यापाशी जाऊन उभी राहिली. लोक दारात आले. मला माझे पाय कुठे ठेवावेत ते समजेना.

अनसाक्का आतून हात पुशीत आली. आईने एकेक भांडे सोप्यावर ठेवले. सगळी रिकामी होती. उन्हात ती इतकी चमकत होती की त्यांचे रिकामेपण लांबूनही दिसावे.

“भांडी बगून घ्या आक्का,” आई म्हणाली. “आत घालायला काय न्हवतं, म्हणून ऱ्हायली.”

थोरली दारातून म्हणाली, “बोभाटा झाल्यावर बरी आली.”

अनसाक्का गर्रकन वळली. तांब्या तिनेच पाठवला होता, हे तिने सासूला त्या सगळ्या बायकांसमोर मोठ्याने सांगितले, आणि तिचा घोगरा आवाज शेवटी फाटला. मग ती आईजवळ आली. “सखू, मी इसरले गं. माझी चूक हाय. तू घरी जा, मी सांजला—”

“काय धाडू नगासा,” आई म्हणाली.

आई कधी मोठ्याने बोलत नसे. तेव्हाही बोलली नाही. “चोरीचं न्हाई म्या मनावर घेतलं. माणूस बोलतंय. पर तुमी मंगळवारी, शुक्कीरवारी सारं गाव मागता. माझं दार वाटंवरच हाय. कवा थांबला न्हाईसा.”

अनसाक्का म्हणाली, “तुझ्याकडनं काय घ्यायचं गं मी? तुझी पोरं...”

“मूठभर पीठ माझ्याबी घरात असतंय कवा कवा. न्हाई असं न्हाई.” आईने रिकामी पाटी उचलली. “माझ्या घरचं पाणीबी तुमी पीत न्हाईसा, आक्का. मग तुमच्या घरचं अन्न मी कुठल्या तोंडानं खाऊ?”

अनसाक्काने आमच्या हातांकडे पाहायचा प्रयत्न केला, सवयीने, आणि तिला ते जमले नाही. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. टिचलेली बांगडी ती मनगटावर गोल फिरवीत राहिली. तिच्यापेक्षा कितीतरी लहान, कितीतरी काळवंडलेली माझी आई रिकामी पाटी काखेत मारून वळली आणि मला ओढीत घरी घेऊन आली. वाटेत ती रडेल असे मला वाटले होते. ती रडली नाही. खोलीत आल्यावर तिने हात धुतले, आणि ते पुष्कळ वेळ धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या घरावर गुढी उभी राहिली. साऱ्या गल्लीत तेवढाच तांब्या असा लखलखत होता की त्याच्याकडे पाहवत नव्हते. तो कुणी घासला होता हे सर्वांना ठाऊक होते. लोक त्या घरावरून जाताना वर पाहण्याचे टाळत.

संध्याकाळी पुरणपोळीचे ताट आले. आईने ते दारातूनच परत पाठवले. धाकटा भाऊ त्या गड्याच्या मागे काही अंतर चालत गेला आणि मग आईची हाक ऐकून परत आला. नंतरच्या दिवशी आमटी आली. तीही परत गेली. आई मजुरीला गेली, येताना ओटीत थोडी ज्वारी घेऊन आली, शेजारच्या जात्यावर भरडली, आणि ते पीठ आम्ही पाण्यात शिजवून पीत राहिलो. मी आईवर रागावले होते, हे लिहायला हवे. तिचे बोलणे मला कळले होते, पण पोटाला ते कळत नव्हते.

त्या मंगळवारी अनसाक्का जोगव्याला बाहेर पडली नाही. बायका पीठ काढून दारात वाट पाहत बसल्या आणि शेवटी ते परत डब्यात ओतले. तिन्हीसांजेला विस्तव मागायलाही ती आली नाही. आमच्यापलीकडे एक म्हातारे जोडपे राहत असे, त्यांच्याकडे त्या दिवशी काही पोचले नाही. म्हातारा अंधार पडेपर्यंत वाटेकडे तोंड करून बसला होता. आईने ते पाहिले. तिने आमच्यातली पेज वाडग्यात ओतली आणि मला त्यांच्याकडे घेऊन जायला सांगितले. माघारी येताना माझ्या हातात भिजवलेल्या चिंचोक्यांचे चार दाणे होते, वाडग्यात घालून दिलेले. आई ते दाणे बराच वेळ तळहातावर घेऊन बसली होती. आपल्या बोलण्याने कुणाचे तरी जेवण थांबले, ही लाज तिला आता नव्याने लागली होती, असे मला वाटते.

कुंडलला आम्ही त्यानंतर फार राहिलो नाही. पुढच्याच आठवड्यात वडिलांचा निरोप घेऊन माणूस आला आणि आम्ही सांगलीकडे निघून गेलो. मोठेपणी मी सांगलीलाच शिकले. कॉलेजात असताना एकदा बाजारात कुंडलच्या बाईकडून आईला अनसाक्का गेल्याचे कळले. घरी आल्यावर आईने पिठाचा डबा उघडला, आणि काय करायला उघडला ते विसरल्यासारखी त्यात हात घालून बसून राहिली. शेवटी शेवटी ती गावातल्या माणसांची आठवण काढीत होती म्हणे, पण समोर आलेल्याला ओळखत नव्हती. पण गावातल्या बायका परडी घेऊन अजून निघतात, असेही त्या बाईने सांगितले. पाऊस पडल्यावरही ते बंद झाले नव्हते.

मी तिला शेवटची पाहिली ती त्या मंगळवारनंतरच्या शुक्रवारी.

दुपार होती. आई मळ्यात गेली होती. भाऊ जमिनीला पोट लावून झोपले होते. जमीन गार असे, आणि पोटाला गार लागले की बरे वाटे. जोडव्यांचा आवाज आला तेव्हा मी तो आमच्या दारावरून पुढे जाण्याची वाट पाहत राहिले. तो पुढे गेला नाही.

“अंबाबाईचा जोगवा,” बाहेरून आवाज आला. घोगरा, पण नेहमीपेक्षा लहान.

मी दारात गेले. अनसाक्का अनवाणी उभी होती. मातीने तिची पावले लाल झाली होती आणि ती एकेक पाऊल आळीपाळीने उचलून धरीत होती, तापलेल्या जमिनीवरून. परडीत हळदीकुंकवावाचून काही नव्हते. त्या दिवशीचे तिचे पहिले घर आमचे होते. समोरच्या घरांतल्या बायका आपापल्या दारात आल्या होत्या.

आई घरी नाही, असे मी सांगितले. तिने मान हलवली. मग तिने पाणी मागितले. मी मडक्यातून तांब्या भरून दिला. ती वरून ओतून प्यायली नाही. तांब्या तोंडाला लावून प्यायली, आमचा तांब्या, घोट घोट, पूर्ण. तिचा गळा हलताना मला दिसत होता. तांब्या तिने परत दिला आणि परडी पुढे केली.

पिठाच्या डब्यात संध्याकाळपुरते पीठ होते. मी हात घातला, मूठ भरली आणि दारापर्यंत आले. मूठ परडीवर धरली, आणि ती उघडेना. मागे भावाने झोपेत कूस बदलली. पीठ जाडेभरडे होते, कोंड्याचे, जात्यातल्या खड्यांची कच असलेले. तिच्या परडीत सगळ्यांची पांढरीशुभ्र पिठे पडत. ते पीठ तिला दिसेल, आणि ते एवढेच आहे हेही दिसेल, या दोन्हींची मला लाज वाटत होती. बोटांच्या फटींतून थोडे सांडून कुंकवावर पडले.

“लय जाडं हाय,” मी म्हणाले.

अनसाक्का माझ्या मुठीकडे पाहत होती. मग तिने मान वर केली आणि मला आठवते तशी पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. तिचे डोळे भरलेले होते, आणि ते तिने पुसले नाहीत, कारण तिचे दोन्ही हात परडीला होते. परडी तिने आणखी थोडी वर, माझ्या हाताला लागेल अशी उचलली.

“वाढ.”